रुखवतातला केक

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी पंखा बंद करायला लावणाऱ्या पोरीला घरातले काय काय बोलतात, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. मी मात्र ते सगळं ऐकून घेतलेलं आहे. आमचे अण्णा चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी करून यायचे, शर्ट काढून खिळ्याला अडकवायचे आणि बनियनवर बसून पंख्याचं बटण दाबायचे. पात्यांची एक गिरकी होते न होते तोच मी आतून ओरडायचे, "अण्णा, बंद करा, साखर वाळतीया!" अण्णा मुकाट्याने बटण बंद करायचे आणि वर्तमानपत्राने वारा घेत आईकडे बघायचे. आई म्हणायची, "बगा की. बापाला घाम फुटला तरी चालंल, हिच्या थर्माकोलाला वारं लागाय नको." अक्काच्या लग्नाला चार दिवस उरले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी स्वयंपाकघराचा निम्मा ओटा अडवून बसले होते.

दोन खोल्यांचं घर आमचं. मागच्या बोळात यंत्रमाग होते, त्यांची खटखट भिंतीतून यायची. आम्हाला ती इतकी सवयीची, की वीज जाऊन माग थांबले म्हणजेच कानात काहीतरी झाल्यासारखं व्हायचं. त्या खटखटीच्या जोडीला आईची भाकरी. आई कडक भाकऱ्या करून विकायची. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवून अशी कडक करायची की महिनाभर डब्यात राहिली तरी मोडताना कट्कन आवाज यावा. शेंगाचटणी, वर कच्चं तेल आणि ती भाकरी, एवढ्यावर आमच्या घरातली तीन माणसं वाढली. मी चौथी. मीही त्यावरच वाढले, पण आईच्या मते माझ्या अंगाला ते लागलं नव्हतं, कारण मला भाकरी थापता येत नव्हती. माझी भाकरी काठाला चिरायची. आई ती उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, "पमे, ही भाकरी हाय का नकाशा?" आणि आदल्या वर्षी मी बारावीला गणितात आपटले. तेव्हापासून घरात माझ्याबद्दल बोलताना सगळे आवाज खाली आणायचे, त्याचा मला बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा.

अशा वेळी मला मुमताज आपा भेटल्या. भेटल्या म्हणजे होत्या दोन गल्ल्या सोडूनच. त्यांचे मियाँ ट्रक चालवायचे, आणि आपांनी घराच्या पुढच्या खोलीत केकचं दुकान काढलं होतं. पुण्यात बहिणीकडे दोन महिने राहून त्या साखरेचं काम शिकून आल्या होत्या. त्या कामाला त्या फॉंडंट म्हणायच्या आणि मी आधी फोंडण म्हणायचे. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि चायना ग्रास घालून मळलेला पांढरा गोळा, कणकेसारखा लाटता येणारा. तो लाटून केकवर चादरीसारखा टाकायचा आणि हाताने बसवायचा. दुकानाच्या काचेत मात्र खरे केक ठेवून भागत नाही, दोन दिवसांत त्यांना वास मारतो. म्हणून तिथे थर्माकोलचे गोल ठेवायचे आणि त्यांच्यावर खरी साखर चढवायची. लोकांनी ते बघायचे, बोट दाखवायचं आणि तसाच खरा मागायचा. सोलापूरच्या उन्हाने काचेतल्या केकांचा रंग दोन महिन्यांत उडायचा. मग जुनी साखर सोलायची आणि नवी चढवायची. हे सोलण्याचं काम मला मिळालं, आणि सोलता सोलता चढवण्याचं. आपा शेजारी उभ्या राहून सांगायच्या, "हल्लू, बेटा, हल्लू. खींच नक्को. पैले उप्पर बिठा, फिर बाजू. चुन्नट पडी तो उसकू खोल, दबा नक्को." पडलेली चुणी दाबली की तिथे कायमची रेघ राहते, ती अलगद उघडून खाली सरकवली की गायब होते, हे मला तिथे कळलं. आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या दिवशी चुणी दाबतात, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं, दबा नक्को. त्या एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत.

माझे हात तिथे मला पहिल्यांदा ऐकायला लागले. भाकरीला जे हात आडमुठे होते, ते त्या साखरेवर कसे काय शहाणे व्हायचे, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही. एवढं कळत होतं, की सकाळी दुकानात जाताना मी पळत जाते.

अक्काची सोयरीक मंगळवेढ्याला जुळली. आईची ज्वारी त्यांच्याकडूनच यायची, त्या ओळखीतून. माणसं चांगली, शेती मोठी, आणि त्यांच्या थोरल्या सुनेने रुखवतात काय काय आणलं होतं याची चर्चा तीन वर्षांनंतरही चालू होती. आपल्याकडे लग्नात मुलीकडचे टेबल मांडून रुखवत लावतात. भांडी, हलव्याचे दागिने, रंगवलेल्या कुरडया, विणलेले रुमाल, हाताने केलेल्या शोभेच्या वस्तू. वरपक्षाच्या बायका ते बघायला येतात, आणि बघतात म्हणजे अगदी उलटंपालटं करून बघतात. आईची झोप त्या टेबलाने उडाली होती. तेव्हा मी जेवताना म्हणाले, "मी केक करती रुखवतात ठेवायला. तीन मजली."

"तीन मजली केक या उन्हात? वास मारंल की," आई म्हणाली.

"आत थर्माकोल असतंय. वरनं साखर."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "म्हंजे खोटा?"

"खोटा कशानं? साखर खरी हाय."

"पोटात थर्माकोल आन वरनं साखर, त्याला खोटाच म्हनत्यात. मी आजवर कुनाला शिळी भाकरी ताजी म्हनून दिली न्हाय. माज्या लेकीच्या रुखवतात खोटं कायबी जायाचं न्हाय."

मी हट्टाला पेटले, अक्का माझ्या बाजूने बोलली, अण्णा नेहमीप्रमाणे पाणी प्यायला उठले. दोन दिवस ते चाललं. शेवटी आईने सौदा केला, तो तिच्या बोलण्यात अजून माझ्या कानात आहे. "कर. पर एक ध्यानात ठेव. पावन्यांतलं एक मानूस जरी हसलं, तर दुसऱ्या दिवशी त्या दुकानाचं नाव काढायचं न्हाय. मैंदर्गीला मावशीकडं जायाचं, शिवन शिकायचं आन गणिताला बसायचं." मैंदर्गीची मावशी चांगली होती, शिवणही वाईट नव्हतं. पण तिथे जाणं म्हणजे मला जे एकच काम येत होतं ते सोडून, जे येत नव्हतं ते आयुष्यभर करत बसणं. मी "हो" म्हटलं. अठरा वर्षांच्या पोरीला हरण्याची शक्यता दिसतच नाही.

आपांनी तीन थर्माकोलचे गोल दिले, परातीएवढा, ताटाएवढा आणि ताटलीएवढा, आणि साखर मळायला त्या स्वतः बसल्या. मळून तीन गोळे केले, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून माझ्याकडे दिले आणि सांगितलं, "इत्ताच है, बेटा. ग्लुकोज खतम, ग्लिसरीन खतम. पुने से आनेकू आठ दिन लगते." मी गोळे घरी आणले. थर्माकोलच्या कडा पॉलिशपेपरने घासून गोल केल्या, कारण धारदार कडेवर साखर फाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काबरोबर ब्लाउज आणायला टिळक चौकापर्यंत गेले, तासाभरात परत आले, तर आई परातीपुढे बसलेली. परातीत पांढरी खळ. भिंतीला पोस्टर चिकटवतात तसली.

आईने मला मदत करायला घेतली होती. सगळ्यांत लहान गोळा तिने उघडून बघितला, तो रात्रीतून घट्ट झाला होता आणि दाबला की चिरत होता. अशा वेळी गोळ्याला फक्त तुपाचा हात लावून मळत राहायचं असतं. पण आईला चिरणारं पीठ एकच माहीत होतं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली, म्हणजे त्याचा चिकटपणा संपला, की त्यात आधणाचं पाणी ओततात, मग ते पुन्हा धरतं. आईने साखरेला विरी आणायला उकळतं पाणी ओतलं. ही चूक जगात फक्त भाकरी करणारी बाईच करू शकते, असं मी आता सांगते तेव्हा ऐकणारे पोट धरून हसतात. त्या दिवशी मी हसले नाही. मी जमिनीवर बसून मोठ्यांदा रडले. आईचं तोंड उतरलं होतं, पण ती म्हणाली ते वेगळंच. "रडू नगंस. दोनच मजली कर. कोन मोजाय बसलंय?"

"मी बसलीया," मी म्हणाले.

दुपारभर मी त्या तीन गोलांकडे बघत होते. एकावर एक ठेवत होते, उतरवत होते. असं कितव्यांदा तरी मधला गोल उचलला, आणि खालच्या गोलाचा वरचा भाग दिसला. त्याच्यावर मी साखर चढवणार, आणि लगेच मधला गोल ठेवून ती झाकून टाकणार. मग ती तिथे हवीय कुणाला? दुसऱ्या मजल्याखालची ताटलीएवढी साखर आणि तिसऱ्याखालची वाटीएवढी, दोन्ही काढून घेतल्या तर वरचा मजला निघत होता. निघत होता की नाही हे मी गणितात नापास झालेल्या डोक्याने कागदावर काढून बघितलं, आणि तो जेमतेम निघत होता. मी उडीच मारली. अण्णांनी घाबरून स्वतःहून पंखा बंद केला.

मोठा गोळा तुपाच्या हाताने मळला, ओट्यावर मक्याचं पीठ भुरभुरून पुरणपोळीपेक्षा जरा जाड लाटला. थर्माकोलला पाणी लावलं ते फक्त बाजूंना आणि वरच्या कडेला, मध्ये कोरडं ठेवलं, म्हणजे तिथे साखर चिकटायची नाही. लाटण्यावर गुंडाळून ती चादर उचलली आणि श्वास रोखून टाकली. आधी वर बसवली, मग कडा, मग एकेक चुणी उघडत खाली. सगळीकडून तळहात फिरवला. मग मधल्या गोलाच्या मापापेक्षा बोटभर आत सुरी फिरवली आणि ती चकती अख्खी उचलून घेतली. दुसऱ्या मजल्यावरही तेच. दोन चकत्या आणि कडेची कातरण एकत्र मळली. गोळा झाला, पण कागदावर निघणं वेगळं आणि ओट्यावर निघणं वेगळं. लाटायला घेतला तर वाळलेली साखर एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड व्हायला लागली, आणि मध्ये फाटली. पुन्हा मळला, पुन्हा फाटली.

"सरक तिकडं," आई म्हणाली. तिने बांगड्या मागे सारल्या, तळहाताला तूप लावलं, ओट्यावर पीठ टाकलं आणि गोळा थापायला घेतला. लाटणं नाही, काही नाही. एका हाताने थापायचं, दुसऱ्याने कडेला आधार देत फिरवायचं. काठाला चीर पडू लागली की करंगळीच्या बाजूने ती मिटवायची. बघता बघता ती साखर सरसर वाढत गेली, सगळीकडून सारखी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आयुष्यभर तो हात रोज बघितला होता आणि कधी नीट बघितलाच नव्हता. आईने ती साखर दोन्ही तळहातांवर उचलून माझ्या समोर धरली. "घे. आन माजं म्हननं तेच हाय. खोटा हाय ह्यो." मी ती चढवली. जेमतेम पुरली. खाली बोटभरही उरली नाही, पण पुरली.

लग्नाच्या सकाळी अण्णांनी तो केक रिक्षात मांडीवर धरून कार्यालयात नेला. रिक्षावाल्याला दर खड्ड्याला "हळू की रं बाबा" म्हणत. रुखवताच्या टेबलावर मधोमध ठेवला तेव्हा भांडी, कुरडया, हलव्याचे दागिने सगळं त्याच्या बाजूला उभं राहिल्यासारखं दिसायला लागलं. पांढरा स्वच्छ, तीन मजली, बाजूने मी साखरेचीच गुलाबी वेल सोडलेली. त्यासाठी आपांनी दुकानातली शेवटची रंगीत साखर दिली होती. आपा स्वतः आल्या होत्या, लांबून बघत होत्या, जवळ येत नव्हत्या. आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

वरपक्षाच्या बायका आल्या. पुढे विहीणबाई, त्यांच्या हाताला धरून त्यांच्या सासूबाई, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आजी, वाकलेल्या पण डोळे तिखट. बाकीच्या टेबलावरून नजर फिरवत त्या केकशी थांबल्या. विहीणबाईंनी मान वाकडी करून बघितलं. "कागद लावलाय जनू."

"न्हाय गं," आजी म्हणाल्या, "बग, मुंग्या लागल्यात." खरंच, केकखालच्या तबकाच्या कडेने मुंग्यांची एक ओळ वेलीपर्यंत चढली होती. सकाळपासून मी दहा वेळा तबक पुसलं होतं. आजी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुंग्या कागदाला लागत्यात व्हय? खरा हाय केक."

"आगं बया! खरा हाय? एवढा मोठा?" विहीणबाईंचा चेहराच बदलला. "मग सुरी आना की. नवरानवरी कापतील. फोटोवाल्याला बोलवा." फोटोवाला खुर्च्या सरकवत आलाही. कुणीतरी सुरी आणली. सगळ्या बायका टेबलाभोवती गोळा झाल्या आणि त्या गर्दीतून मला आईचा चेहरा दिसला. गप्प राहून वेळ मारून नेता आली असती. मुहूर्त टळतोय, नंतर कापू, असं कुणीही म्हणालं असतं, आणि लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण आई ते म्हणणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिच्या देखत मला ते म्हणवेना.

"कापायचा न्हाय," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "आत थर्माकोल हाय. वरची साखर खरी हाय, ती मी चढवलीया. खायाचा न्हाय, बगायचा हाय."

मग मागून एक बाई फिस्सकन हसली. तिच्यामागे दुसरी. मी आईकडे बघितलं नाही. मला मैंदर्गीची एसटी दिसायला लागली होती.

आजींनी काठी टेबलाला टेकवली. वेलीचं एक पान कटकन मोडलं, तोंडात टाकलं आणि दाताशिवाय चघळत उभ्या राहिल्या. "ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. मग मागे वळल्या. "कोन हसलं गं? रुखवत काय खायाला मांडत्यात व्हय? त्या कुरडया खातीस का तू रंगवलेल्या? बगायला असतंय रुखवत. खरा केक असता तर आतापत्तूर तुमी ताटल्या चाटून मोकळ्या झाल्या असत्या, आन उद्या कुनाच्या ध्यानात बी न्हाई. ह्यो आमच्या पुडच्या खोलीत ऱ्हाईल. येनारा जानारा इचारंल, सूनबाईच्या कुन्या भनीनं केलाय." मग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "खरं बोललीस ते बी झ्याक केलंस. कुनाची गं तू पोर?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली. तिने पदर डोक्यावर सारखा केला, आणि भाकरीचा भाव सांगताना जो चढा आवाज ती काढायची त्या आवाजात म्हणाली, "माजी. धाकटी. मुमताज आपांच्या दुकानात कामाला असती." असती म्हणाली ती. होती नाही. मला एकदम इतकं रडू आलं आणि इतकं हसू आलं, की काय करावं ते कळेना. शेवटी मी जाऊन आपांचा हात धरला आणि त्यांना ओढत टेबलापाशी आणलं. फोटोवाला होताच तयार. त्या फोटोत केक आहे, आजी आहेत, आपा आहेत, आणि आई कॅमेऱ्याकडे न बघता केकच्या वरच्या मजल्याकडे बघते आहे. त्यानंतर माझ्या कामाचे पुष्कळ फोटो निघाले, मुंबईपुण्याचे निघाले, बक्षीस घेतानाचे निघाले. पण मी भिंतीला लावला आहे तो हा एकच.

वरात मंगळवेढ्याला गेली. घर रिकामं वाटायला लागलं, अण्णा पंखा लावून झोपले आणि त्यांना कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उशिरापर्यंत पांघरुणात पडून होते. लग्नात हसणारी बाई हसली होती, एक नव्हे दोन हसल्या होत्या, आणि सौदा तर सौदाच. आई तो विसरणारी नव्हती. ती चुलीपाशी थापत होती. थोड्या वेळाने थापणं थांबलं. तिने माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊट की," ती म्हणाली. "आपा दुकान उघडून बसल्या असतील."